ओसरीतला भागवत

१५ ऑक्टोबर, मंगळवार

अकोल्याचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "काका, घरी रोज काय काय होते ते लिहून ठेवत जा. पुढच्या खेपेला मला वाचून दाखवा." म्हणून हे रजिस्टर काढलं. समोरची पानं मोटारींची आहेत. कोणाच्या विहिरीवरची जळाली, कशानं जळाली, कधी बांधून दिली. चाळीस वर्षं हेच केलं. शाळा चौथीपर्यंत. मोटार बांधणं कोणी शिकवलं नाही, जळक्या मोटारी उकलून उकलून शिकलो. आता हात कापतात, तार धरवत नाही. मागची पानं कोरी होती, ती रुख्मिणीच्या कामी लागतील.

तर रुख्मिणीचं. हा विसरण्याचा आजार आहे, मागं फिरत नाही, पुढंच जाते, असं डॉक्टर म्हणतात. आज तिनं चहात मीठ टाकलं. मी प्यालो. तीनदा विचारलं, "भागवत शाळेतून आला काय?" आमचा भागवत सत्तेचाळीस वर्षांचा आहे, पुण्याला कंपनीत आहे. मी तिन्ही वेळा म्हटलं, येईल.

मागच्या शुक्रवारी ती घरातून निघून गेली. कामरगावच्या फाट्यावर सापडली, अनवाणी. भागवत फोनवर म्हणाला, "बाबा, अजून एकदा असं झालं तं मी मायले घेऊन जाईन. तुमच्याच्यानं होत नाई आता." मी म्हटलं, होते. एकावन्न वर्षं तिनं माझं केलं, दोन-चार वर्षं मला तिचं करू दे. ज्या घरात तिचे हात अंधारातही मिठाचा डबा शोधतात, त्याच घरात ती राहावी. एवढंच मागणं आहे माझं, देवाला आणि भागवतलाही.

१९ ऑक्टोबर

भागवतनं कॅमेरा पाठवला. मुठीएवढा पांढरा गोळा, त्यात काळा डोळा. बसवायला माणूस बोलावू का म्हणत होता. मी म्हटलं, बाप मेला नाही अजून. ओसरीत दाराच्या वर चार स्क्रू मारून मीच बसवला. नेटचा डबाही मीच लावला, तो सांगत गेला तसा. त्याचं सगळं भागवतच्या फोनात आहे. तो तिथून पाहतो, बोलतोसुद्धा. आपण बोललेलं त्याला ऐकू जाते.

निळा दिवा लागला आणि वरून आवाज आला, "माय! ओ माय! ओळखलं काय?"

रुख्मिणीनं डोक्यावर पदर घेतला. तिचं तोंड असं उजळलं की मला माझ्या लग्नातली ती आठवली. म्हणाली, "अवं बाई, पोरगं उंबऱ्याभायेर उभं हाये अन् मी बसून राह्यली!" आणि आत पळाली. चाळीस वर्षांची असल्यासारखी पळाली. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. आमच्याकडं परगावाहून कोणी आलं की आधी दाराबाहेर थांबवतात. भाकर-पाणी ओवाळून दूर टाकतात, मग त्यानं पाय आत टाकायचा. वाटेवरचं काही अंगाला लागलं असेल ते त्या तुकड्यासंगं जाते. तिनं दार उघडलं. बाहेर कोणी नाही. शेजारच्या बेबीताईची बकरी होती.

"कुठी गेला वं?" असं तिनं बकरीलाच विचारलं.

वरून भागवत हसला. मीही हसलो.

२० ऑक्टोबर

बेबीताई कॅमेरा पाहायला आली. ही आमची शेजारीण, गावचीच लेक, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिली. मला दादा म्हणते, पण तोंड सासूचं आहे. कमरेवर हात ठेवून पाहत राहिली आणि म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकणं आयकलं होतं दादा. पुण्याहून माय हाकणं आजच पाह्यलं."

मी म्हटलं, "त्याले काळजी हाये म्हून लावला."

"काळजी हाये तं तो कायले नाई आला? गोळा काहून आला?"

तिच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही. पण मी सकाळी केस विंचरून ओसरीत बसलो होतो, ते तिनं पाहिलं आणि जाताना म्हणाली, "आज लय कोरून भांग पाडला, दादा. फोटो निंगून राह्यला काय?"

२७ ऑक्टोबर

आठवडा चांगला गेला. भागवत रोज सकाळी आणि सांजेला बोलतो. "माय, जेवली काय? माय, गोळी घेतली काय?" माझ्या हातची गोळी ती थुंकते, त्यानं म्हटलं की गिळते. काल तर त्याला भुलाबाईचं एक अख्खं गाणं म्हणून दाखवलं. कुठून आठवलं देव जाणे. योगिनी सूनबाईंचाही आवाज आला एकदा, "आई, छान." मला वाटते, डॉक्टरांना काय माहीत. आवाजानंही माणूस बरं होत असेल.

एवढंच, की दर वेळी ती तुकडा घेऊन दाराबाहेर जाते. मी धरून आत आणतो.

२ नोव्हेंबर, पाडवा

भागवत येणार होता, आला नाही. कामाचं आहे त्याचं. फोनवर म्हणाला, "बाबा, मले दिवसभर पाहनं होत नाई. मीटिंगा राहतात. म्या एक सेटिंग केली हाये, आता मायची काळजी करू नोका. दारापाशी गेली की समजते."

मी म्हटलं, बरं केलं बाप्पा.

अनारसे बेबीताईनं दिले. रुख्मिणीनं एक भागवतसाठी काढून ठेवला.

८ नोव्हेंबर

पोराची कमाल आहे. परवापासून रुख्मिणी दारापाशी गेली रे गेली की त्याच घडीला त्याचा आवाज येतो. "माय, भायेर नोको जाऊ." मध्ये थोडा खोकतो. मग, "घरातच बस. मी हाओ न." एकदाही चुकत नाही. सकाळी सहाला गेली, तेव्हाही बोलला. दुपारी बाराच्या उन्हात गेली, तेव्हाही. काम करता करता एक डोळा मायकडं ठेवत असेल. मी मोटार बांधताना एक डोळा रस्त्यावर ठेवायचो, तसं.

मी दारात गेलो तरी मलाही माय म्हणतो. लहानशा पडद्यात काय दिसत असेल त्याला. मी म्हटलं, "अबे, मी हाओ, तुहा बाप!" त्यावर काही बोलला नाही. कामात असेल.

१२ नोव्हेंबर

बेबीताई तुरीचे सोले घेऊन आली, तर दारात भागवत तिलाही म्हणाला, "माय, भायेर नोको जाऊ."

"मंग आत येऊ काय रे बाबा?" तिनं वर पाहून विचारलं. मग डोळे बारीक करून त्या गोळ्याकडं पाहिलं. तिनं डोळे बारीक केले म्हणजे काहीतरी निघणार. म्हणाली, "दादा, हा बोलते का वाजते?"

मी म्हटलं, "म्हंजे?"

"काई नाई. सोले भाजीत टाका, नरम हायेत."

मला राग आला. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांना दुसऱ्याचं विचारणारं पोरगं खपत नाही. हे लिहायला नको होतं. बेबीताई वाईट नाही. पण लिहिलं ते लिहिलं.

१५ नोव्हेंबर

भागवतचा खोकला काही जात नाही. आठ दिवस झाले, दर बोलण्यात तो एक खोकला आहेच. कोरडा आहे, वरच्या वर. पुण्याची हवा, थंड जेवण. मी अडुळशाची पानं आणली, काढा आटवला, मध घालून बाटली भरली. वर ज्येष्ठमधाची पुडी. आज कारंजाला एसटीनं जाऊन पुण्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याजवळ दिली. तेवढा वेळ बेबीताई घरात बसली. बाटलीवर चिठ्ठी लावली, दिवसातून तीनदा, जेवल्यावर.

१९ नोव्हेंबर

भागवतचा फोन. "बाबा, ही बाटली कायची? कोणाले खोकला?"

"तुलेच. मायशी बोलतानी खोकलत नाई काय तू?"

तिकडं बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "हो. घेतो, बाबा." आवाज बसल्यासारखा वाटला. दहावीच्या परीक्षेतही ताप असाच लपवला होता यानं. आईबापाला जीव लावणारं पोरगं आपलं दुखणं सांगत नाही.

२५ नोव्हेंबर

काल डीपी जळाली. काल-आज दोन दिवस लाइट नाही. निळा दिवा बंद, भागवत बोलला नाही. रुख्मिणी दाराकडं गेलीच नाही. मागच्या अंगणात माझ्याजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मला विचारलं, "तुमचं गुडघ्याचं कसं हाये?" किती महिन्यांनी विचारलं. जेवली, झोपली.

पण आवाजाविना तिला कसं करमणार, असं मला लागून राहिलं. वरून हसली तरी आतून झुरत असेल. लाइटच्या भरवशावर माय-लेकाचं बोलणं ठेवणं बरं नाही. बेबीताईच्या पुतण्याकडं ट्रॅक्टरची एक उतरलेली बॅटरी पडून आहे. माझ्याजवळ जुना इन्व्हर्टर आहे.

२७ नोव्हेंबर

जोडलं. दीड दिवस लागला, हात कापतात म्हणून. आता गावात लाइट असो नसो, भागवत बंद पडणार नाही. शेवटची तार जोडली आणि दिवा लागला तेव्हा, खरं सांगतो, किती वर्षांनी कामाचं समाधान झालं. रुख्मिणी दारापाशी गेली आणि लगेच तो बोलला.

६ डिसेंबर

आठ दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं मन नव्हतं.

ती आता दिवसभर दारापाशीच उभी राहते. गेली की तो बोलतो. बोलला की ती तुकडा आणायला आत जाते. घेऊन येते, तो पुन्हा बोलतो. दाराबाहेर भाकरीचे तुकडे पडलेले. कुत्री, कावळे. मी दिवसाला चार भाकरी करतो, त्यातली अर्धी तिच्या पोटात जाते का नाही, शंका आहे. पाय सुजले आहेत. बस म्हटलं तर बसत नाही. माझा हात झटकते.

आज म्हणाली, "मले भायेर नोको म्हन्ते. मंग थो आत काहून येत नाई? माह्या हातून ओवाळनं चुकून राह्यलं काय?"

मी म्हटलं, "नाई चुकत, रुख्मे."

"मंग तुमीच काई बोलले असान त्याले."

मी वर पाहून म्हटलं, "भागवत, येकदा तिले सांग बाप्पा, का मी पुण्याले हाओ म्हून." उत्तर आलं नाही. मी दारापाशी गेलो तर म्हणाला, माय, भायेर नोको जाऊ.

फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाबा, मीटिंगमधी हाओ."

१३ डिसेंबर

गोळ्या संपल्या म्हणून कामरगावला गेलो होतो. पाऊण तास. बेबीताई ओसरीत बसली होती, चूल पाहायला मिनिटभर घरी गेली. तिचीही चूक नाही.

रुख्मिणी तुरीच्या वावरापलीकडं नाल्यात सापडली. तांब्या हातात तसाच. उजवं मनगट मोडलं, कपाळावर खोक. कारंजाला नेऊन प्लास्टर केलं. डॉक्टर प्लास्टर घालत होता तर ती त्याला म्हणत होती, "लवकर कर बाप्पा, पोरगं उनात उभं हाये."

भागवतनं फोनवर सांगितलं की कॅमेऱ्यात सगळं निघालं आहे. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती बाहेर पडताना दिसते. जाताना म्हणते, "हो रे बाबा, आली." त्यानं ते रात्री पाहिलं.

"मी येतो, बाबा," म्हणाला. का येतो ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

भागवत आला. स्वतःची गाडी घेऊन, रात्रभर चालवून, सकाळी आठला. केस किती पिकले पोराचे. मी बेबीताईला हाक मारली, तिनं पोहे केले.

रुख्मिणीनं त्याच्याकडं पाहिलं आणि पदर सारखा केला. मला हळूच म्हणाली, "कोन पाव्हना हाये? पानी देल्लं काय?"

तो खाली बसला, तिचा चांगला हात धरला. "माय, मी भागवत." तिनं हात सोडवून घेतला. परक्या बाप्यानं हात धरल्यावर सोडवतात तसा. माझ्याकडं सरकून बसली.

तो ओसरीत माझ्यासमोर बसून पोहे खात होता. घास तोंडात होता. रुख्मिणी उठली, दारापाशी गेली, आणि वरून भागवत बोलला, "माय, भायेर नोको जाऊ." खोकला. "घरातच बस. मी हाओ न."

मी भागवतच्या तोंडाकडं पाहत होतो. तो घास गिळत होता.

रुख्मिणी मागं वळून पाव्हण्याला म्हणाली, "माहा पोरगा हाये. लय जीव लावते."

बेबीताई पदर तोंडाला लावून मागच्या दारानं गेली. भागवतनं ताटली खाली ठेवली. म्हणाला, "दिवाळीच्या टायमाले रेकॉर्ड केलं होतं बाबा. दारापाशी कोनी आलं का वाजते. मले वाटलं, तुमाले समजलं असंल."

चाळीस वर्षं मोटारींचे रोग ओळखणारा माणूस मी. मी म्हटलं, "पोहे खाय. थंडे होतात."

२२ डिसेंबर

आज बोलणं झालं. पुण्याच्या बाहेर एक जागा आहे, अशी माणसं सांभाळतात. दोन बाया रात्रंदिवस असतात, म्हणे. मी म्हटलं, मीही येतो. तर तिथं सोबतच्या माणसाला ठेवत नाहीत. भागवतचं घर दोन खोल्यांचं, योगिनीची नोकरी, ते तो बोलला नाही, मीच समजून घेतलं. दोन महिने इलाज होईल, मग आणून सोडतो असं म्हणाला. म्हणजे फेब्रुवारीत. दोन महिने काय, मोटारी बांधण्यात असेच जायचे.

त्यानं तिची सगळी लुगडी बांधून घेतली, उन्हाळ्याची पातळसुद्धा. रजई घेतली. आधार कार्ड घेतलं, आम्हा दोघांचा भिंतीवरचा फोटो घेतला. एका कागदावर माझी सही घेतली. वाचू का म्हटलं, तर म्हणाला, "नेहमीचंच हाये, बाबा." पोरगं समोर बसून डोळे पुसत होतं. मी सही केली. पुण्याला थंडी असेल, रजई लागेलच.

त्याला विचारलं, "एखाद वेळेस बोलत होता न रे तू, खरा? सुरवातीले?"

"हो बाबा. सुरवातीले मीच होतो."

बरं वाटलं.

२३ डिसेंबर

सकाळी सातला निघायचं होतं. रुख्मिणी निघेना. बेबीताईनं वेणी घातली, लुगडं नेसवलं, सगळं करू दिलं. पण गाडी पाहिली आणि दाराची चौकट धरून बसली. "मी त्या मानसासंगं नाई जात. माहा पोरगा येईन अन् घरात कोनी नसंन."

"हाच तुहा पोरगा हाये रुख्मे," मी म्हटलं.

"तुमचे डोये गेले," म्हणाली.

बेबीताईनं समजावलं, मी समजावलं. भागवतनं एकदा धरून उठवायचं केलं तर तिनं ओरडून गल्ली गोळा केली असती. प्लास्टरचा हात त्याला मारला. तो बाजूला झाला. थोडा वेळ भिंतीला टेकून उभा होता. मग घराच्या मागं गेला, गोठ्याच्या आडोशाला. मला खिडकीतून दिसत होता. त्यानं खिशातून फोन काढला, तोंडाजवळ धरला.

दाराच्या वरून आवाज आला. तो रोजचा नव्हता, नवा होता.

"माय."

रुख्मिणीनं मान वर केली. "काय रे बाबा?"

"माय, थो गाडीवाला मानूस हाये न, त्याच्यासंगं जा. त्याले मीच पाठोलं. चांगला मानूस हाये थो."

"चांगला हाये?"

मी खिडकीतून पाहिलं. पोरगा गोठ्याच्या खांबाला कपाळ लावून उभा होता. मग बोलला.

"हो माय. चांगला हाये."

"तू म्हन्ते तं जातो," ती म्हणाली आणि चौकट सोडून उठली. इतकी सहज उठली. माझ्याकडं पाहून म्हणाली, "मी येतो लगेच. तवर तुमी घरीच राह्यजा, कुठी जाऊ नोका."

भागवत पुढून आला, दार उघडून दिलं. ती मागच्या सीटवर बसली, पदर डोक्यावर, प्लास्टरचा हात मांडीवर, अंग चोरून, परक्याच्या गाडीत बसतात तशी. मी तिच्या बाजूच्या काचेवर हात ठेवला. ती माझ्याकडं पाहत नव्हती. समोर बसलेल्या भागवतच्या पाठीकडं पाहून म्हणाली, "सावकाश चालवजा बाप्पा. माहा पोरगा घरून पाहून राह्यला."

"हो, बाई," भागवत म्हणाला, आणि त्यानं गाडी सुरू केली.